सोलापुरातली वसंताची बाग : संक्रांत ते अक्षय्य तृतीया, काय लावायचं आणि कसं जगवायचं

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखात असतो. सोलापुरात तोवर पारा चाळिशी गाठतो आणि नाजूक रोप लावायची वेळ निघून गेलेली असते. इथल्या बागेचा वसंत संक्रांतीच्या सुमारास, गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा सुरू होतो आणि होळीपर्यंत त्याचं मुख्य काम आटोपावं लागतं. या दीड-दोन महिन्यांत ज्या रोपाची मुळं खोल गेली, ते एप्रिल-मे काढतं. ज्याची नाही गेली, त्याला दिवसातून तीनदा पाणी घातलं तरी ते दुपारी मान टाकतं. खालचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं: ऊन येण्याआधी मूळ खाली गेलं पाहिजे.

बी आणण्याआधी पाणी मोजा

रोपवाटिकेत गेल्यावर दहा पाकिटं उचलायचा मोह होतो. आधी घरचा हिशोब करा. बारा इंची कुंडीला एप्रिलच्या उन्हात रोज साधारण दीड लिटर पाणी लागतं. वीस कुंड्या म्हणजे रोजचे तीस लिटर. नळ चार-पाच दिवसांआड येत असेल, तर फक्त बागेसाठी दीडशे लिटरचा साठा हवा, म्हणजे दोनशे लिटरचा एक झाकणाचा ड्रम. झाकण हवंच, नाहीतर आठवड्यात डासांच्या अळ्या होतात. जमिनीतल्या वाफ्याला भर उन्हाळ्यात चौरस मीटरमागे रोज सहा ते आठ लिटर लागतात. दहा बाय दहा फुटांचा वाफा साठ-सत्तर लिटर पितो. तेवढं पाणी नसेल तर वाफा अर्धा करा. अर्धा वाफा चांगला पिकतो, पूर्ण वाफा अर्धपोटी ठेवला तर काहीच पिकत नाही.

पाण्याची जातही बघा. इथल्या बऱ्याच बोअरचं पाणी जड आणि खारट असतं. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर दिसला की समजा, क्षार साचलेत. अशा कुंडीला दर दोन-तीन आठवड्यांनी एकदा नळाचं साठवलेलं पाणी इतकं घाला की खालच्या भोकातून भरपूर निथळेल. क्षार त्याबरोबर वाहून जातात. रोज थोडंथोडं शिंपडलं तर क्षार वरच राहतात आणि पानांच्या कडा करपतात. घरातल्या आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी कुंड्यांना घालू नका, त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. कपडे धुतलेलं पाणीही नको. पावडरीतला सोडा काळ्या मातीत उतरला की माती आणखी घट्ट होते. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असतं, ते बादलीत धरा.

माती : काळी असली म्हणून झालं असं नाही

सोलापूरच्या काळ्या मातीत ज्वारी उत्तम येते, पण तीच माती भरलेल्या कुंडीत मिरची कुढते. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. कुंडीत ती कडेपासून सुटते, मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मुळांजवळचा गोळा कोरडाच राहतो. खालून पाणी निथळताना दिसतं, म्हणून आपल्याला वाटतं भरपूर झालं.

कुंडीसाठी घमेल्याच्या मापाने मिश्रण करा: चार घमेली पोयट्याची किंवा लाल माती, तीन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, दोन घमेली भिजवून धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), एक घमेलं जाड वाळू. कोकोपीट दोन-तीनदा पाण्यात खळबळून घ्या, कारण त्यातही क्षार असतात. बारा इंची कुंडीला मूठभर, म्हणजे पन्नास ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. शेणखत हातात घेतल्यावर चहाच्या चोथ्यासारखं मोकळं पडलं पाहिजे आणि त्याला शेणाचा वास नको. कच्चं शेणखत कुंडीत तापतं, मुळं भाजतं, वर हुमणीची पांढरी अळी घेऊन येतं. खतात ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची पावडर किलोमागे दहा ग्रॅम मिसळून, ओलसर करून, आठवडाभर सावलीत पोत्याखाली ठेवली तर रोपकुजीचा त्रास बराच कमी होतो.

जमिनीत लावणार असाल तर वीतभर खणा, ढेकळं चार-पाच दिवस उन्हात तापू द्या, मग चौरस मीटरला एक मोठं घमेलं शेणखत मिसळा. ओली काळी माती तुडवू नका आणि खणूही नका, तिची ढेकळं विटेसारखी होतात. मूठ दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा, तेव्हा वापसा आला असं समजून काम करा.

एक महत्त्वाचं. इंटरनेटवर सगळीकडे गादीवाफे, म्हणजे उंच केलेले वाफे दाखवतात, ते पावसाळ्यासाठी ठीक. आपल्याकडे उन्हाळी वाफा भोवतालच्या जमिनीपेक्षा चार-पाच इंच खोलगट असावा. पाणी आत थांबतं, वाऱ्याने कडा सुकत नाहीत. सरी-वरंबा करायचाच असेल तर बी वरंब्याच्या माथ्यावर टोकू नका, बगलेला टोका. पाणी वर चढून उडून जातं आणि क्षार माथ्यावरच जमतात. तिथं उगवलेलं रोप पहिल्या दोन पानांतच पिवळं पडतं.

कधी काय पेरायचं

संक्रांतीच्या आसपास टोमॅटो, मिरची आणि वांग्याची रोपं तयार हवीत. ट्रेमध्ये बी डिसेंबरात टाकलं असेल तर उत्तम, नसेल तर तीस-पस्तीस दिवसांचं, वीतभर उंचीचं, जाड देठाचं रोप विकत आणा. फुलं लागलेलं उंच रोप आणू नका. ते दिसायला छान असतं, पण लावल्यावर महिनाभर हलत नाही. टोमॅटोची लागवड जानेवारीअखेरपर्यंत संपवा. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रही गरम राहायला लागली की टोमॅटोचे परागकण निकामी होतात, फूल येतं आणि देठासकट गळून पडतं. मार्चमध्ये लावलेल्या टोमॅटोला कितीही खत घाला, फळ धरणार नाही. मिरची आणि वांगं जास्त सोशिक आहेत, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात.

लागवड संध्याकाळी पाचनंतर करा. आधी पाच-सहा दिवस ट्रेचं पाणी थोडं कमी करून रोप कणखर होऊ द्या. खड्ड्यात आधी पाणी, मग रोप, मग माती, पुन्हा पाणी. पश्चिमेच्या बाजूला कडुलिंबाची डहाळी खोचून चार दिवस सावली धरा. डहाळी वाळेपर्यंत रोप सावरतं.

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते असं आपण म्हणतो, आणि वेलवर्गीय भाज्या व भेंडी-गवारीसाठी हाच मुहूर्त. या बियांना उगवायला माती कोमट लागते. जानेवारीच्या थंडीत टोकलेली भेंडी पंधरा दिवस मातीत पडून कुजते, फेब्रुवारीच्या मध्यानंतर टोकलेली पाच-सहा दिवसांत वर येते.

भेंडीचं बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, तरंगणारं काढून टाका. दोन सेंटिमीटर खोल, एका जागी दोन बिया, दोन रोपांत एक फूट, दोन ओळींत दीड फूट. दोन्ही उगवली तर कमजोर रोप कात्रीने कापा; उपटलं तर शेजाऱ्याची मुळं दुखावतात. परभणी क्रांती आणि अर्का अनामिका या जाती घरच्या बागेला चांगल्या, केवड्याला, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या रोगाला, बऱ्यापैकी दाद देत नाहीत. पेरणीपासून पंचेचाळीस-पन्नास दिवसांत तोडा सुरू होतो आणि मग एक दिवसाआड तोडावीच लागते. चार दिवस राहिलेली भेंडी निबर होते आणि झाड नवी फुलं धरणं मंद करतं.

गवारीला या गावात मान द्यावा तेवढा थोडा. उष्णता सोसते, थोडं खारट पाणी चालवून घेते, स्वतःचा नत्र मुळांच्या गाठींत साठवते. तिला शेणखतापलीकडे काही घालू नका, नत्र जास्त झाला की नुसती पानं वाढतात. पुसा नवबहार फांद्या न फुटता सरळ वाढते, म्हणून कुंडीसाठी सोयीची. चवळीही याच वेळी.

काकडी, दोडका, कारलं, दुधी यांच्यासाठी दीड फूट लांब-रुंद-खोल आळं करा. त्यात दोन-तीन किलो शेणखत, शंभर ग्रॅम निंबोळी पेंड आणि वरची माती भरा. आळं भिजवून दुसऱ्या दिवशी तीन-चार बिया टोका, पुढे दोन वेल ठेवा. कारल्याचं कवच कठीण असतं, ते चोवीस तास भिजवून मगच लावा. काकडीची हिमांगी, दोडक्याची फुले सुचेता, कारल्याची हिरकणी, दुधीची सम्राट या राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या जाती आपल्या हवेत जमतात. गच्चीवर वेल लावायचा तर बारा इंची कुंडी पुरत नाही. काकडीला किमान तीस लिटरची पिशवी, दुधीला अर्धा ड्रम. लहान कुंडीतला दुधी मे महिन्यात दर तीन तासांनी पाणी मागतो आणि बोटाएवढी फळं पिवळी करून टाकतो.

“फुलं भरपूर, फळ एकही नाही”

ही तक्रार दर उन्हाळ्यात असते. वेलाला आधी नरफुलंच येतात आणि दिवस मोठा व गरम होत गेला की त्यांचं प्रमाण वाढतं. मुख्य वेल पाच-सहा पानांचा झाल्यावर शेंडा खुडा. दुधी-कारल्याची मादीफुलं बगलफुटीवर जास्त येतात. मादीफुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नरफुलाचा देठ नुसता बारीक. चौथ्या मजल्याच्या गच्चीवर मधमाश्या फिरकत नसतील तर परागीभवन हाताने करा: नरफूल तोडून पाकळ्या मागे दुमडा आणि मादीफुलाच्या मध्यावर अलगद फिरवा. वेळ मात्र नेमकी हवी. काकडी, कारलं, तांबडा भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात, तेव्हा आठच्या आत. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात, तेव्हा दिवेलागणीला. दुपारी केलेला खटाटोप वाया जातो.

फळ धरून वाकडं झालं, एका जागी डिंकासारखा थेंब दिसला आणि आत अळी निघाली, तर ती फळमाशी. लिंबाएवढं झाल्यावर फळाला कागदी पिशवी बांधा, क्यूल्युअरचा (नर फळमाश्यांना ओढणाऱ्या गंधाचा) सापळा टांगा आणि किडकी फळं कंपोस्टात न टाकता पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून मारा.

पालेभाज्या

मेथी, पालक, कोथिंबीर होळीपर्यंत उघड्यावर चालतात. त्यानंतर निम्म्या सावलीतच, आणि पंचवीस-तीस दिवसांत काढून घ्यायच्या, नाहीतर तुरा येतो. धने हलकेच चपलेने रगडून दोन फाकळ्या करा आणि आठ तास भिजवून पेरा. दर दहा दिवसांनी थोडेथोडे. कोबी, फ्लॉवर, मटार, गाजर आता लावू नका, हट्टाने लावलं तरी हाती काही लागत नाही. उन्हाळ्यात खरी साथ देतात ती लाल माठ, तांदुळजा, चुका, अंबाडी आणि घोळ. माठाचं बी फार बारीक, पाचपट कोरड्या वाळूत मिसळून फेका, वरून चाळलेल्या खताचा नखाएवढा थर द्या आणि झारीनेच पाणी घाला.

मोगरा, गुलाब आणि बाकीची फुलं

मोगऱ्याला उन्हाळा मानवतो, पण त्याआधी ताण लागतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी अगदी कमी करा. जानेवारीअखेर उरलेली पानं काढून फांद्या एक तृतीयांश छाटा, बारीक आणि वाळक्या काड्या मुळापासून काढा. बुंध्याभोवतीची माती चार बोटं उकरून तीन-चार दिवस मोकळी राहू द्या. मग कुंडीतल्या झाडाला एक किलो, जमिनीतल्या झाडाला पाच किलो शेणखत घालून भरपूर पाणी सुरू करा. मार्चपासून कळी दिसते. छाटणी मार्चवर ढकलली तर बहर जळत्या उन्हात येतो आणि कळ्या लहान राहतात. मोगरा सावलीत ठेवला तर पानं मोठी आणि फूल शून्य. त्याला किमान पाच-सहा तास ऊन हवं.

गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरातच होते. आता फक्त सुकलेली फुलं दोन पानांखाली कापा आणि कुंडी दुपारच्या सावलीत सरकवा. हंगामी फुलांत झिनिया, गॅलार्डिया, बटनफूल आणि पोर्टुलाका फेब्रुवारीत लावलेली मे अखेरपर्यंत फुलतात. पिटुनिया आणि पॅन्सी आता विकत घेऊ नका, त्यांचा काळ संपत आला.

होळीच्या आत : आच्छादन आणि सावली

फेब्रुवारीत ज्वारीची काढणी होते, कडबा गावोगाव मिळतो. त्याचे चार इंची तुकडे करा किंवा उसाचं पाचट आणा. रोपं वीतभर झाल्यावर वाफ्यात दोन-तीन इंचांचा थर, कुंडीत एक इंचाचा. खोडापासून चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर बुंधा कुजतो. घराच्या भिंतीला लागून पाचट पसरू नका, वाळवी येते. आच्छादनाने पाण्याची गरज स्पष्ट कमी होते, आणि सोलापुरात याहून स्वस्त उपाय दुसरा नाही.

शेडनेट मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात चढवा. पालेभाज्या आणि रोपांसाठी ५० टक्के ऊन अडवणारी, फळभाज्यांसाठी ३५ टक्के. ७५ टक्क्यांची जाळी लावली की भेंडी-टोमॅटो लांबट वाढतात आणि फुलत नाहीत. जाळी सात-आठ फुटांवर असावी, खाली बांधली तर भट्टी होते. पश्चिमेला ती खाली सोडा, कारण दुपारी दोननंतरचं तिरपं ऊन सर्वांत घातक. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसाबरोबर वावटळ आणि कधी गाराही येतात. म्हणून जाळी तारेने न आवळता नायलॉनच्या दोरीने, किंचित सैल, दर दोन फुटांवर बांधा. आवळलेली जाळी पहिल्याच वाऱ्यात कडेने फाटते.

गच्चीवर कुंड्या थेट स्लॅबवर ठेवू नका, दोन विटांवर ठेवा. काळ्या पिशव्यांना बाहेरून पोतं गुंडाळा किंवा चुना लावा. पाणी सकाळी सातच्या आत घाला, आणि पाईप दिवसभर उन्हात पडला असेल तर संध्याकाळी त्यातलं पहिलं तापलेलं पाणी बादलीत सोडून द्या. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच पाणी घालू नका. बोट दोन इंच मातीत घाला: ओल लागली तर ते झाड फक्त उन्हापासून बचाव करतंय, सूर्य कलला की ताठ होईल. सकाळीही मलूल असेल तरच काळजी करा.

पिवळी पानं, आखडलेली पानं

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे चुनखडीच्या जमिनीतलं लोहाच्या कमतरतेचं लक्षण. लिंबू, गुलाब, जास्वंद, मोगरा यांना ते हमखास दिसतं. लोह मातीत असतं, पण विम्ल (अल्कधर्मी) मातीत झाडाला उचलता येत नाही, म्हणून मातीत खिळे पुरून उपयोग नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातलं) एक लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, संध्याकाळी पानांवर, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर ती नत्राची भूक. त्यासाठी शंभर ग्रॅम शेंगदाणा पेंड एक लिटर पाण्यात तीन दिवस भिजवा, दहापट पातळ करून कुंडीला अर्धा लिटर द्या.

मिरचीची पानं वर आखडली तर फुलकिडे, खाली वळली तर बहुधा कोळी ही बारीक कीड. भेंडी-वांग्याच्या पानामागे बारीक जाळी आणि पानावर फिकट ठिपके म्हणजे लाल कोळी; कोरड्या उष्ण हवेत ती झपाट्याने पसरते. पहिला उपाय पाण्याचा जोरदार फवारा, पानाच्या खालच्या बाजूने, तीन दिवस ओळीने. निंबोळी तेल लिटरला पाच मिलि आणि साबणाचे काही थेंब, फक्त सूर्यास्तानंतर. पाण्यात मिसळणारं गंधक कोळीवर चालतं, पण ३५ अंशांच्या वर ते पानं भाजतं, वेलवर्गीयांवर तर टाळाच. आणि तेल व गंधक यांच्या फवारणीत दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. भेंडीचं पान पिवळ्या शिरांचं जाळं दाखवू लागलं तर तो केवडा, औषध नाही. ते झाड उपटा आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा. वांग्याचा शेंडा मलूल पडला तर खाली दोन इंचांवर कापा, आत अळी सापडेल.

टोमॅटोच्या बुडाला काळा चामड्यासारखा डाग पडतो, तो रोग नव्हे. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी तुडुंब, अशा पाण्याने फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. परसातल्या आंबे बहाराच्या (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या) डाळिंबाचंही तेच: फळ वाढत असताना पाण्यात खंड पडून एकदम भरपूर मिळालं की साल तडकते. थोडं, पण नेमाने द्या.

पाडव्यानंतर

गुढीपाडव्यानंतर नवं फारसं पेरू नका. माठ, घोळ, गवार एवढंच चालेल. फळझाडांची कलमं जूनच्या पावसावर लावा. खड्डे मात्र आत्ताच दोन फुटांचे खणून उन्हात तापू द्या. शेवग्याच्या शेंगा संपल्या की झाड तीन फुटांवर छाटा, नाहीतर पुढच्या शेंगा हाताला येणार नाहीत. कढीपत्त्याचे शेंडे खुडा, तुळशीच्या मंजिऱ्या काढत राहा. कडुलिंबाच्या निंबोळ्या मे-जूनमध्ये पिकून पडू लागल्या की गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवा. वर्षभराच्या अर्काची सोय होते.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हळद आणि आलं लावायचं. फुटवा दिसणारे, दोन-तीन डोळ्यांचे जाड कंद निवडा, ट्रायकोडर्माच्या पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत सुकवा. सोळा इंची पिशवीत तीन कंद, दोन इंच खोल, डोळे वर करून. पहिल्या कोंबापर्यंत पाणी फक्त ओल टिकेल इतकंच द्या आणि पिशवी मोठ्या झाडाच्या सावलीत ठेवा. कोंब यायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर माती उकरून बघू नका.